निर्वासित आणि स्थलांतर वर्गात शिकवताना: पाच तासांचा आराखडा

हा विषय पहिल्यांदा घेणारे शिक्षक बहुधा एखाद्या करुण छायाचित्राने किंवा छावणीतल्या चित्रफितीने सुरुवात करतात. वर्ग गप्प होतो, काहींचे डोळे भरून येतात आणि तास चांगला झाला असे वाटते. आठवड्याने विचारा, निर्वासित म्हणजे कोण? ‘बिचारे गरीब लोक’ एवढेच उत्तर येते. म्हणून इथला क्रम उलटा आहे. आधी शब्द, मग आकडे आणि नकाशा, मग रोजचे जगणे, आणि माणसाची गोष्ट सगळ्यात शेवटी. शब्द पक्के असलेले मूल गोष्ट ऐकताना नुसते हळहळत नाही, प्रश्न विचारते.

आराखडा ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. ४० मिनिटांचे पाच तास दोन-तीन आठवड्यांत पसरून घ्या. सलग पाच दिवस घेतले तर मुलांना मधे विचार करायला, घरी बोलायला वेळ मिळत नाही. २० जूनला जागतिक निर्वासित दिन असतो. त्या दिवशी भाषण आणि भित्तिपत्रके करून विषय उरकू नका. हे तास झाल्यावर प्रदर्शन मांडायला तो दिवस चांगला आहे.

आधी पाहा, वर्गात कोण बसले आहे

हजेरीपटाकडे या नजरेने एकदा पाहा. घर सोडून आलेले कोणी आहे का? कोणाचे आईवडील कामासाठी दूर देशी आहेत आणि मूल आजीआजोबांकडे राहते आहे का? हे मुलांना वर्गात विचारायचे नाही. आधीचे वर्गशिक्षक आणि शाळेचे समुपदेशक यांच्याकडून कळून घ्यायचे.

असे मूल वर्गात असेल तर निदान आठवडाभर आधी त्याच्याशी आणि पालकांशी बोला. काय शिकवणार ते दाखवा. त्याला तासाला बसायचे आहे की नाही, हे त्याने ठरवावे. नको वाटले तर बाहेर जाण्यासाठी एखादी खूण ठरवा, म्हणजे सगळ्यांसमोर परवानगी मागावी लागणार नाही. ‘तूच सांग ना, तुझ्याकडे कसे होते’ हे वाक्य कधीही म्हणू नका. मूल आपणहून बोलायला तयार असले तरी पालकांना विचारा, कारण गावाचे किंवा नातेवाइकांचे नाव बाहेर गेल्याने मागे राहिलेल्या माणसांना धोका होऊ शकतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे लक्षात येईलच असे नाही.

वंशवृक्ष काढून ‘आपले कुटुंब कुठून कुठे आले’ हा प्रकल्प पुष्कळ ठिकाणी दिला जातो. ज्या मुलाला हे सांगता येत नाही, किंवा सांगायचे नाही, त्याची त्यात कोंडी होते. द्यायचाच असेल तर कोणत्याही एका माणसाचा प्रवास मांडायची मुभा ठेवा. शेजारी चालेल, इतिहासातली व्यक्तीही चालेल.

पहिला तास: शब्द

साहित्य: दर गटाला १२ कार्डे, एका गटात चार मुले.

प्रत्येक कार्डावर दोन ओळींत एक परिस्थिती लिहा. उदाहरणार्थ: परदेशी रुग्णालयात नोकरी मिळाली म्हणून गेलेली परिचारिका. गाव जाळले गेले म्हणून त्याच देशात दुसऱ्या शहरी नातेवाइकांकडे राहणारे कुटुंब. सरकारविरुद्ध लिहिल्यामुळे अटकेची भीती वाटून सीमा ओलांडलेला पत्रकार, ज्याच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. धर्मामुळे छळ झालेली आणि शेजारच्या देशाने आश्रय दिलेली आई व तिची दोन मुले. पुरात घर गेलेले शेतकरी कुटुंब. शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी. हंगामापुरता मजुरीला जाणारा कामगार. उरलेली पाच तुम्ही याच धर्तीवर करा, मात्र निदान दोन मुद्दाम संदिग्ध ठेवा.

मुलांनी ही कार्डे पाच ढिगांत लावायची: स्थलांतरित, देशांतर्गत विस्थापित, आश्रय मागणारा, निर्वासित, आणि ‘सांगता येत नाही’. पाचवा ढीग नसेल तर मुले अंदाजाने कार्ड कुठेतरी टाकून मोकळी होतात आणि चर्चेला काही उरत नाही.

१५ मिनिटे लावू द्या. मग फळ्यावर व्याख्या लिहा. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार निर्वासित म्हणजे आपल्या देशाबाहेर असलेली अशी व्यक्ती, जिला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी कारणाने छळ होण्याची साधार भीती आहे आणि जिला स्वतःच्या देशाचे संरक्षण मिळत नाही, किंवा त्या भीतीपोटी ते घेता येत नाही. ‘साधार’ या शब्दाखाली रेघ मारा. नुसती भीती पुरत नाही, तिला आधार लागतो. हा करार मुळात १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. ती मर्यादा १९६७ च्या पूरक कराराने काढली.

आता गटांना ढीग पुन्हा तपासायला सांगा. तीन ठिकाणी हमखास गोंधळ होतो.

एक, पुराचे कार्ड. मुले ते निर्वासितांत टाकतात. पण पुरामुळे हललेली बहुतेक माणसे आपल्याच देशात राहतात, आणि पूर हे त्या पाच कारणांत नाही. त्यांची गरज कमी आहे असा याचा अर्थ होत नाही, हे लगेच सांगा.

दोन, युद्ध. १९५१ च्या व्याख्येत ‘युद्ध’ हा शब्द नाही. आफ्रिकी देशांच्या १९६९ च्या करारात आणि लॅटिन अमेरिकेतल्या १९८४ च्या कार्ताहेना जाहीरनाम्यात व्याख्या रुंदावली, तेव्हा सार्वत्रिक हिंसाचारामुळे पळालेले लोकही तिच्यात आले. मोठ्या मुलांना हे सांगाच. कायदा माणसांनी लिहिलेला असतो आणि गरजेप्रमाणे बदलतो, हे त्यांना इथे उघड दिसते.

तीन, आश्रय मागणारा पत्रकार. ‘अर्ज मंजूर झाला की तो निर्वासित होतो’ असे मुले म्हणतात. खरे तर व्याख्येत बसणारा माणूस निकालाआधीपासूनच निर्वासित असतो. निकाल ती गोष्ट मान्य करतो. तापमापकाचे उदाहरण इथे उपयोगी पडते: ताप आधीपासून असतो, तापमापक तो फक्त दाखवतो.

शेवटची पाच मिनिटे एकाच तत्त्वाला द्या. कराराचे ३३ वे कलम सांगते की जिथे या कारणांमुळे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे निर्वासिताला परत पाठवायचे नाही. सगळा करार याच्यावर उभा आहे. तासात दुसरे काही राहून गेले तरी चालेल, हे राहू देऊ नका.

आणि मराठी शब्दांबद्दल. ‘निर्वासित’ हा शब्द माणसाने काय गमावले ते सांगतो, ‘शरणार्थी’ तो काय मागतो ते. दोन्ही वापरात आहेत, दोन्ही चालतील. ‘लोंढा’ मात्र फळ्यावर लिहा आणि विचारा, हा शब्द एरवी कशासाठी वापरतात? पाण्यासाठी. लोंढा आला की माणूस काय करतो? बांध घालतो. मग ‘निर्वासितांचे लोंढे’ असलेले एक वाक्य द्या आणि त्या जागी ‘कुटुंबे’ किंवा नेमका आकडा घालून ते पुन्हा लिहून घ्या. ‘घुसखोर’ आणि ‘बेकायदा माणूस’ यांचेही तसेच करा. कृती बेकायदा असू शकते. पण थेट धोक्याच्या जागेहून आलेल्या, विलंब न लावता अधिकाऱ्यांसमोर हजर झालेल्या आणि सबळ कारण दाखवणाऱ्या निर्वासिताला परवानगीविना प्रवेश केल्याबद्दल शिक्षा करू नये, असे कराराचे ३१ वे कलम म्हणते.

दुसरा तास: आकडे आणि नकाशा

साहित्य: दर गटाला १०० मणी किंवा खडे, त्यांपैकी ४० वेगळ्या रंगाचे, भिंतीवर जगाचा नकाशा, दोरा आणि टाचण्या.

आकडा सांगताना वर्ष सांगितलेच पाहिजे, कारण हे आकडे झपाट्याने बदलतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयानुसार २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख लोक बळजबरीने विस्थापित होते, म्हणजे दर ६७ माणसांमागे सुमारे एक. त्याच वर्षी स्वतःच्या देशाबाहेर राहणारे सगळे स्थलांतरित साधारण ३० कोटी ४० लाख होते, जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के. जगातली बहुतेक माणसे आपल्याच देशात राहतात, याचे मुलांना फार नवल वाटते.

पद्धत अशी. आधी अंदाज, मग उत्तर. १०० मणी म्हणजे सगळे विस्थापित. विचारा: यांतले किती आपल्याच देशात आहेत? मुले साधारणपणे १० किंवा २० मणी बाजूला करतात. उत्तर ६०. २०२४ अखेर ७ कोटी ३५ लाख लोक संघर्ष आणि हिंसाचारामुळे देशातल्या देशातच विस्थापित होते. मग रंगीत मणी: १०० विस्थापितांत सुमारे ४० जण १८ वर्षांखालचे, जगाच्या एकूण लोकसंख्येत मात्र ते प्रमाण २९ आहे. हा फरक का, यावर मुलांनाच बोलू द्या.

दुसऱ्या फेरीत १०० मणी म्हणजे फक्त सीमा ओलांडलेले, हे मोठ्याने सांगा. हा बदल सांगायचा राहिला की दोन्ही फेऱ्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. या तासात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. २०२४ अखेर यांतले ६७ शेजारच्याच देशात थांबले होते, आणि ७३ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. ‘सगळे श्रीमंत देशांकडे धावतात’ ही समजूत इथे मुलांच्या हातूनच मोडते.

नकाशावर आधी पाच देशांना टाचण्या लावा: व्हेनेझुएला, सीरिया, अफगाणिस्तान, युक्रेन, दक्षिण सुदान. २०२४ अखेर सीमा ओलांडलेल्या आणि उच्चायुक्त कार्यालयाच्या कक्षेत येणाऱ्या १०० पैकी सुमारे ६९ लोक या पाचांतून आलेले होते. मग २०२४ अखेर सगळ्यात जास्त लोकांना आश्रय देणारे पाच, दुसऱ्या रंगात: इराण (सुमारे ३५ लाख), तुर्कस्तान (२९ लाख), कोलंबिया (२८ लाख), जर्मनी (२७ लाख), युगांडा (१८ लाख). दोरे बांधा. बरेचसे दोरे आखूड निघतात. जर्मनीचा लांब दोरा का, हे शोधायला घरी द्या.

तिसरा तास: जागा आणि पाणी

हा तास मुलांना वर्षभर आठवतो. संकटकाळी मदत करणाऱ्या संस्था किमान मानके वापरतात: डोक्यावर छप्पर असलेली राहण्याची जागा माणशी ३.५ चौरस मीटर, पाणी माणशी दिवसाला १५ लिटर, २५० माणसांमागे एक नळ, २० माणसांमागे एक शौचालय, आणि पाण्याची जागा ५०० मीटरच्या आत.

मोजपट्टी आणि खडू घ्या. पाच जणांच्या कुटुंबाची जागा १७.५ चौरस मीटर, म्हणजे ५ मीटर × ३.५ मीटरचा आयत. मैदानावर किंवा सभागृहात आखा. बाक मांडलेल्या वर्गात हे जमत नाही. दहा मिनिटे बाक सरकवण्यातच जातात. पाच मुलांना आत उभे करा आणि बाकीच्यांना खडूने आखायला लावा: कोण कुठे झोपेल, दप्तर कुठे, आजारी आजोबा कुठे, अभ्यास कुठे. स्वयंपाक आणि अंघोळीची जागा यात धरलेली नाही, हे सांगा. सगळे बसते, पण एकट्याने शांत बसायला कोपरा राहत नाही, हे मुलांना कोणी न सांगता कळते.

पाण्यासाठी एक-एक लिटरच्या १५ बाटल्या भरून टेबलावर ठेवा. पिण्याला २.५ ते ३ बाटल्या, रांधण्याला ३ ते ६, हातपाय धुणे व स्वच्छतेला २ ते ६. गटांनी वाटणी करायची, कपडे धुणेही त्यातच बसवायचे. तास संपल्यावर पाणी झाडांना घाला.

मग गणित. एका नळातून मिनिटाला ७.५ लिटर पाणी येते असे मानक धरते. २५० माणसे × १५ लिटर = ३,७५० लिटर. भागिले ७.५ = ५०० मिनिटे, म्हणजे ८ तास २० मिनिटे. एवढा वेळ नळ क्षणभरही बंद न होता चालला तरच प्रत्येकाला वाटा मिळेल. विचारा: या रांगेत घरातले कोण उभे राहते? तेव्हा शाळेची वेळ कोणती? वर्गाला उत्तर सापडले की थोडा वेळ तुम्ही काही बोलू नका.

दोन गोष्टी इथे चुकतात. पहिली: मुले धरून चालतात की सगळे निर्वासित छावणीत राहतात. बहुतेक जण शहरांत आणि गावांत भाड्याच्या खोल्यांत, ओळखीच्यांकडे राहतात. तासाच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोनदा सांगा. दुसरी: छावणी म्हणजे थोड्या दिवसांची सोय असे वाटते. केनियातली दादाब छावणी १९९१ ची आणि काकुमा १९९२ ची. तिथे जन्मलेल्या मुलांना आता स्वतःची मुले आहेत.

आणि आखलेल्या चौकोनात ‘सैनिक आणि पळणारी माणसे’ असे नाटक करू देऊ नका. दोन मिनिटांत त्याचा पकडापकडीचा खेळ होतो, आणि ज्याने ते खरोखर पाहिले आहे त्या मुलासाठी तो छळ असतो. मोजणे पुरेसे आहे.

चौथा तास: पिशवीत काय न्याल

‘दहा मिनिटांत घर सोडायचे आहे, काय घ्याल?’ हा उपक्रम प्रसिद्ध आहे आणि सहज बिघडतो. मुले खेळणी, पाळीव कुत्रा, आजीचा फोटो सांगतात, हसतात, आणि तास संपतो. तो सुधारायचा तर दोन बदल करा. ‘तुम्ही’ ऐवजी तिसऱ्या व्यक्तीबद्दल विचारा: १३ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा भाऊ, आई, मधुमेह असलेले आजोबा. त्याने सुरक्षित अंतर राहते. दुसरे, यादी झाल्यावर तीन प्रसंग द्या: सीमेवर ‘हा भाऊच कशावरून?’ असे विचारले. आजोबांचे औषध चौथ्या दिवशी संपले. नव्या शाळेने मागच्या इयत्तेचा दाखला मागितला. आता यादीतले काय कामाला आले? जन्मदाखला, औषधाची चिठ्ठी, गुणपत्रक. मोबाइल तर पहिल्याच फेरीत वर येतो: नकाशा, कागदांची छायाचित्रे, ताटातूट झालेल्यांशी संपर्क, सगळे त्यातच. ‘निर्वासित असून यांच्याकडे फोन कसा?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनीच दिलेले असते.

इथून नान्सेन पारपत्राकडे वळा. १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने देशाबाहेर गेलेल्या लाखो रशियनांचे नागरिकत्व काढून घेतले. कागद नाही, म्हणून कोणत्याच देशात रीतसर पाय ठेवता येईना. राष्ट्रसंघाचे (संयुक्त राष्ट्रसंघाच्या आधीच्या जागतिक संघटनेचे) निर्वासितविषयक उच्चायुक्त, नॉर्वेचे ध्रुवप्रदेश संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १९२२ मध्ये त्यांच्यासाठी प्रवासाचे कागद सुरू केले. पुढे ५० हून अधिक सरकारांनी ते मानले. एका कागदाने काय होते, हे याहून सोपे करून सांगता येणार नाही.

पाचवा तास: माणूस

आता गोष्ट. निर्वासिताने स्वतः सांगितलेला किंवा लिहिलेला मजकूर निवडा, आणि त्यात पळण्याआधीचे आयुष्य आहे का, ते पाहा. शाळा, भांडणे, आवडता विषय यांतले काहीच नसेल आणि फक्त होडी आणि तंबू असतील तर दुसरा मजकूर शोधा. छायाचित्रांनाही हीच कसोटी. मृतदेह, रडणारे चेहरे, गर्दीत हात पसरलेली मुले नकोत. सायकल दुरुस्त करणारा, शिकवणारी, दुकान उघडणारा चालेल.

प्रसिद्ध निर्वासितांची यादी देण्याचा मोह होईल. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनीला कायमचे मुकलेले आइन्स्टाइन, किंवा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधला १० खेळाडूंचा पहिला निर्वासित संघ आणि २०२४ ला पॅरिसमध्ये त्या संघाला मुष्टियुद्धात पहिले पदक, कांस्य, मिळवून देणारी सिंडी न्गाम्बा. सांगा, मुलांना आवडते. पण शेजारी एका अगदी साध्या माणसाची गोष्ट ठेवा. आश्रय मिळायला आइन्स्टाइन असावे लागते, असा समज होऊ देऊ नका.

जे प्रश्न येतीलच

‘ते आपल्या देशासाठी लढत का नाहीत?’ १०० विस्थापितांतली ४० मुले आहेत, तिथून सुरुवात करा. आजारी, वृद्ध, लहान मुलांना सांभाळणारे, आणि ज्यांना स्वतःच्याच सरकारकडून धोका आहे ते, असे पुढे मोजा. युक्रेनमध्ये २०२२ च्या आक्रमणानंतर १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला बंदी होती. म्हणून सीमेवर आया आणि मुले दिसली.

‘ते इथल्यांची कामे घेतात ना?’ हा प्रश्न वाईट नाही आणि विचारणाऱ्याला लाजवू नका. एकदम मोठ्या संख्येने माणसे आली की शाळा, पाणी, घरभाडे यांच्यावर ताण येतो, हे मान्य करा. मग काम करायची परवानगी नसेल तर माणूस कशावर जगेल, हे विचारा. युगांडाच्या २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याचा आणि देशात फिरण्याचा हक्क दिला. त्या व्यवस्थेचे फायदे आणि अडचणी गटांना शोधू द्या. निष्कर्ष तुम्ही सांगू नका; शिक्षकांना हवे ते उत्तर देण्यात मुले तरबेज असतात.

‘आपल्याकडेही युद्ध होईल का?’ हे विचारणारे मूल बहुधा माहिती मागत नसते, त्याला भीती वाटत असते. खोटी खात्री देऊ नका. ‘तुला काय वाटून हे विचारावेसे वाटले?’ असे विचारा, आणि तासानंतर त्याच्याकडे पुन्हा जा.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना यातले बरेच नको. त्यांना दोन तास पुरतात: माणसे घर का बदलतात, आणि वर्गात नवे मूल आले तर काय करायचे. त्याचे नाव नीट उच्चारायला शिकणे, हा पहिला धडा. नवी भाषा ऐकणारे मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहते; ते शिकत असते, त्याला बोलायला भाग पाडू नये. आगीच्या सरावाची घंटा होणार असेल तर अशा मुलाला आधी सांगून ठेवा, शक्यतो त्याच्या भाषेत.

तपासायचे कसे

निबंध देऊ नका. ‘मला निर्वासितांबद्दल काय वाटते’ या निबंधात सगळी मुले एकसारखे चांगले लिहितात. त्याऐवजी पहिल्या तासाची १२ कार्डे पुन्हा द्या आणि प्रत्येक कार्ड त्या ढिगात का, हे एका वाक्यात लिहून घ्या. पहिल्या वेळी गटांनी केलेल्या मांडणीचा फोटो ठेवलेला असेल तर तो शेजारी दाखवा. ‘सांगता येत नाही’ या ढिगात दोन-तीन कार्डे कारणासह राहिली असतील तर तास नीट झाले आहेत. कार्डे जपून ठेवा. आकड्यांचा तक्ता मात्र पुढच्या वर्षी तसाच वापरू नका. उच्चायुक्त कार्यालयाचा नवा अहवाल दर जूनमध्ये येतो, त्यावरून प्रत्येक आकडा आणि त्यापुढचे वर्ष बदलून घ्या.